वानरांची शिरगणती

देवळाच्या पारावर बसलेले वानर मारुतीचे, आणि संत्र्याच्या बागेत शिरले की तेच वानर चोर! मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख मराठी बोलणारा, संत्री व कापूस पिकविणारा. सौंसरजवळ जामसावळी येथे पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनास आम्ही गेलो असता एक बागाइतदार आम्हांस म्हणाले, "वानरे दुप्पट झाली, सरकारने ती उचलून न्यावीत." त्यांचे नुकसान खरे, यात शंका नाही. परंतु 'दुप्पट' हा आकडा कोणी व कसा काढला, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना.

येथील झाडी आता सलग राहिलेली नाही. बांधावरचे आंबे, ओढ्याकाठची झुडपे, देवळाचा पिंपळ अशी तिची बेटे शेतांत विखुरली आहेत. वानरे जमिनीवरून एका बेटातून दुसऱ्यात जातात. सकाळी एका बागेत दिसलेली टोळी दुपारी दुसऱ्या बागेत दिसते, आणि दोन्ही मालक तिला आपापल्या हिशेबात धरतात. झाडे कमी झाल्याने टोळीची भटकंती वाढली, तर वानरे न वाढताही वाढल्यासारखी भासतील. यास्तव रात्रीच्या मुक्कामाच्या झाडांवर, पहाटे टोळी उतरण्यापूर्वी, सर्व ठिकाणी एकाच वेळी मोजणी करणे हे उत्तम.

खारींचे तसे नाही. त्या पाहता पाहता नाहीशा होतात. अशा प्राण्यांच्या गणतीच्या एका रीतीशी डेन्मार्कच्या पीटरसन यांचे माशांवरील १८९६ सालचे काम जोडले जाते. समजा, २० खारी पकडून, खूण करून सोडल्या. काही दिवसांनी पुन्हा २० पकडल्या. त्यांत ५ खुणेच्या निघाल्या. म्हणजे एकूण खारींपैकी चौथा हिस्सा खुणेचा. अर्थात खारी सुमारे ८०. मात्र खुणेच्या व बिनखुणेच्या खारी एकमेकींत मिसळल्या पाहिजेत. कापसाचे उघडे रान ओलांडण्यास त्या कचरत असतील, तर एका बांधाचा हिशेब साऱ्या गावास लागू होत नाही.

वानरांस फुटाणे घालणारे आपण भाविक आणि त्यांस हाकलणारा बागाइतदार, दोघेही आज अंदाजानेच वागतो. देवस्थानच्या मंडळींनी व बागाइतदारांनी मिळून पानगळीनंतरची एक पहाट दरवर्षी या कामास द्यावी, असे आम्हांस वाटते. आकडा थोडा निघो वा मोठा. शेतकऱ्याची भरपाई आणि मुक्या जिवाचा निवारा, दोन्हींचा न्याय त्यावरच करता येईल.