क्रूझ नंतर, आधी बाळकुम!

'वीकेण्डला काय?' शुक्रवारी लंचनंतर आमच्या ग्रुपमध्ये दुसरा विषय नसतो. यावेळी सगळ्यांचं एकमत होतं, क्रूझ! डेकवरचा सनसेट, गार वारा, भरपूर फोटो. बुकिंग पुढच्या महिन्याचं मिळालं. मग मी म्हटलं, तोवर रविवारी सकाळी बाळकुमला चला. 'बाळकुमला? तिथे काय आहे?'

खाडी आहे, बॉस! ठाणे स्टेशनहून रिक्षाने बाळकुम नाका, पुढे कशेळीचा पूल. एका बाजूला चकाचक टॉवर्स, दुसऱ्या बाजूला भिवंडी आणि मधून वाहणारी उल्हास. कल्याण-डोंबिवलीहून आलेली ही नदी इथे भरती-ओहोटीच्या तालावर चालते आणि घोडबंदरवरून वसईच्या समुद्राला मिळते.

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या, एक बगळा ध्यान लावून उभा होता. फ्रेम एकदम सही. पण तिवरांकडे कॅमेरा वळवला आणि सगळे गप्प झालो. फांद्याफांद्यांवर पिशव्या. भरती कुठवर चढते ते सांगायला मोजपट्टी नको. होडी बांधणारे एक काका म्हणाले, ''ताई, पाग टाकला की आधी पिशव्या काढायच्या, मग मासा शोधायचा.''

२०२१ साली 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये एक अभ्यास आला. समुद्रात सर्वाधिक प्लॅस्टिक नेणाऱ्या जगातल्या नद्यांच्या त्या अंदाजात आपली उल्हास पहिल्या पाचांत आहे! गंगा नाही, उल्हास. म्हणजे आपली लोकल जिच्या काठाने धावते ती.

गंमत बघा. मोठ्या जहाजांना समुद्रात कुठेही प्लॅस्टिक टाकायला मार्पोल कराराने १९८८ च्या अखेरीपासून बंदी आहे. कचऱ्याची नोंदवहीसुद्धा ठेवावी लागते. पुलावरून जाणाऱ्या गाडीला कुठली आलीय नोंदवही? गणपतीनंतरचं निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट खाडीत सोडणारे हात कुणाचे? खरं सांगू? एका वर्षी त्यातला एक हात माझा होता. आईने 'पाण्यातच सोड' म्हटलं, मी गाठ न सोडताच सोडलं.

ही खाडी आता राष्ट्रीय जलमार्ग ५३ चा भाग आहे. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली अशा जेट्टींच्या योजना आहेत. उद्या इथून ऑफिसला बोटीने जाऊ, कदाचित संध्याकाळी सनसेट राइडही मारू. तेव्हा बोटीतून दिसणार काय, हे आजच ठरतंय.

बोटीवर जाताना...
* स्टीलची बाटली आणि घरचा डबा घ्या. १ जुलै २०२२ च्या देशव्यापी बंदीत स्ट्रॉ, प्लेट्स, चमचे आले. पाण्याची बाटली आणि वेफर्सचं पाकीट नाही. ती बंदी आपणच घालायची.
* क्रूझ बुक करताना बिनधास्त विचारा, 'पाणी रीफिल होतं का? कचरा कुठे उतरवता?' दहा जणांनी विचारलं की उत्तर तयार ठेवावं लागतं.
* रिकामं पाकीट डेकवर ठेवू नका. वारा ते तुमच्याआधी पाण्यात पोचवतो.
* क्रूझपर्यंत दम धरवत नसेल तर ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला बोट जाते. ठाणे खाडीचं हे अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ आहे. वेळ भरतीवर ठरते, आधी चौकशी करा.

आमचं क्रूझचं बुकिंग कायम आहे. बॅगेत सहा स्टीलच्या बाटल्या आहेत. आणि यंदाचं निर्माल्य कलशात जाणार, गाठ सोडून.