कोमलाची रेघ

संगणकाशी आमचे सख्य जमले ते उतारवयात, आणि तेही आईच्या वहीमुळे. बडोद्याच्या आमच्या घरी तिने भातखंडे पद्धतीने उतरवून घेतलेल्या चिजांची एक वही आहे. पाने तुटू लागली, तेव्हा ती यंत्रात उतरवून परदेशी असलेल्या कन्येला धाडावी, असे आम्ही ठरविले.

भातखंड्यांच्या खुणा किती साध्या! कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर. एका मात्रेत अनेक स्वर आले की खाली अर्धचंद्र. हाताला हे क्षणाचे काम. यंत्रात मात्र अनुस्वार देऊन लिहिलेला तार षड्ज ‘सां’ असा नाकात बोलू लागला. मंद्र कोमल निषादाचे टिंब रेघेवर आदळू लागले. गीताची अक्षरे आपापल्या स्वरांखालून सरकू लागली. शेवटी कोष्टक आखून त्रितालाच्या सोळा मात्रांना सोळा घरे दिली, ओळींतले अंतर वाढविले, तेव्हा कुठे मंडळी सुखाने नांदू लागली.

पहिली भैरवी पाठविली. कन्येचे उत्तर आले, “बाबा, ही भैरवी की बिलावल?” आम्ही साध्या अधोरेखा दिल्या होत्या, त्या वाटेतच गळाल्या होत्या. रे, ग, ध, नि यांच्या चार रेघा गेल्या की उरतात ते बिलावलाचेच स्वर! उपाय सापडला तो वेदांत. ऋग्वेदाच्या छापील संहितेत अनुदात्ताखाली आडवी रेघ असते आणि स्वरितावर उभी. युनिकोडच्या देवनागरीत ही चिन्हे अक्षराला जोडून लिहिता येतात. वेदपाठाची ती रेघ आईच्या गंधाराखाली बसली आणि मग गळाली नाही.

खरी अडचण पुढेच होती. आईची वही रेघांची. एका अंतऱ्यातील ऋषभाखाली फिकट रेघ दिसते. ती शाईची की कागदाची, हे भिंग लावूनही कळेना. भैरवीत शुद्ध ऋषभाचाही प्रयोग होतो, तेव्हा शास्त्राचा आधार नाही. कागदाने हा संशय इतकी वर्षे पोटात ठेवला होता. यंत्राला मात्र रेघ हवी की नको, हे सांगावेच लागते. आई ही चीज देवपूजा करताना रोज गुणगुणत असे. आम्ही शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असू.

अखेर कन्येलाच दूरध्वनी केला. लहानपणी सुटीत ती आजीजवळ बसून फुलांच्या वाती वळीत असे. क्षणभर थांबून तिने ती ओळ म्हटली. मग पुन्हा एकदा म्हटली. “आजी पहिल्यांदा कोमल घ्यायची, बाबा, परत फिरताना शुद्ध.”

आम्ही ती ओळ दोनदा लिहिली. एकदा रेघ देऊन, एकदा न देता.