काका, कोपर वर ठेवा!

गावच्या नदीत डोके वर काढून, पाणी बडवत पोहणारे आम्ही. आपण पट्टीचे पोहणारे आहोत, असाच आमचा समज होता. पाच वर्षांपूर्वी एका सहलीत तो उतरला. शेजाऱ्यांचा मुलगा खोल पाण्यात सापडला. आम्ही उडी घेतली. पण वीस-पंचवीस हात मारताच दंड भरून आले, छाती फुटायची वेळ आली. मुलाला दुसऱ्याच एका तरुणाने बाहेर काढले. मुलगा वाचला, आम्हाला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

त्याच महिन्यात, वयाच्या 42 व्या वर्षी, आम्ही नगरपालिकेच्या जलतरण तलावावर नाव घातले. शिकवणारा आमच्या मुलाहून थोडाच मोठा. त्याने आम्हाला 25 मीटर पोहायला लावले आणि हात मोजले. 32 भरले. म्हणाला, "काका, ताकद भरपूर आहे, पण निम्मी वाया जाते."

फ्रीस्टाइलमध्ये आमच्या तीन चुका निघाल्या. पहिली, आमचा हात डोक्यासमोरून पलीकडच्या बाजूला पडे. त्याने अंग सापासारखे वळते आणि खांदा दुखावतो. हात आपल्याच खांद्याच्या रेषेत, बोटे आधी घालून पाण्यात जायला हवा. दुसरी, आम्ही ताठ हाताने पाणी खाली दाबत होतो. पाणी खाली दाबले की अंग वर उचलते, पुढे जात नाही. पिंपावरून हात टाकावा तसे कोपर वर ठेवायचे, पंजा आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा हात मिळून पाणी मांडीपर्यंत मागे सारायचे. तिसरी, हात बाहेर काढताना आम्ही तो आवळून धरत होतो. आधी कोपर बाहेर यावे, पंजा सैल लोंबावा आणि हाताबरोबर सगळे अंग कुशीवर वळावे. श्वासही त्याच वळणात घ्यावा.

सरावासाठी त्याने मुठी आवळून पोहायला लावले. मग मुठी उघडल्या, तेव्हा तळव्याला पाणी 'सापडणे' म्हणजे काय ते कळले. नंतर बोटांची टोके पाण्यावर घासत हात पुढे न्यायचा. तीन महिन्यांनी 32 हातांचे 24 झाले. दमही पूर्वीसारखा लागेना.

वाचकहो, हात पाण्याबाहेरून पुढे टाकण्याची ही पद्धत साहेबांची नव्हे. 1844 साली लंडनमध्ये उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे जमातीच्या दोन आदिवासी जलतरणपटूंनी ती दाखवली, तेव्हा तिथल्या लोकांनी तिला अयुरोपीय म्हणून नाके मुरडली. आज वेगाच्या शर्यतीत जगभर हात असाच टाकतात. चांगली विद्या कोणाकडूनही घ्यावी. मग शिकवणारा आपल्या मुलाच्या वयाचा का असेना.

त्या मुलाने आणखी एक गोष्ट बजावली. कोणी बुडत असेल तर आधी दोर, बांबू किंवा रिकामा कॅन टाका. स्वतः उडी घेणे हा शेवटचा उपाय. हे आम्ही तेव्हा जाणत नव्हतो.

आता धाकटी मुलगीही सोबत येते. काठावर पाय सोडून बसते आणि आमचा हात जरा ढिला पडला की सगळ्या तलावाला ऐकू जाईल असे ओरडते, "पप्पा, कोपर!"