गरिबाची मीठभाकर

एखाद्या सुखवस्तू गृहस्थाने हात जोडून, मान किंचित कलती करून, ‘उद्या दुपारी गरिबाची मीठभाकर गोड करून घ्यायला यावं’ असे म्हटले, की अनुभवी मनुष्य दुसऱ्या दिवशीची न्याहारी टाळतो. कारण त्या मीठभाकरीत मसालेभात, मठ्ठा, अळूची भाजी, दोन कोशिंबिरी आणि जिलबी यांचा समावेश असणार हे त्याला ठाऊक असते, आणि त्याला ते ठाऊक आहे हे यजमानालाही ठाऊक असते. पुढे पानावर बसल्यानंतर दुसरा अंक सुरू होतो. पाहुण्याने दोन्ही हात पानावर आडवे धरून ‘आता कणभरही नको’ असे निक्षून सांगायचे, वाढणाऱ्याने ते साफ नाकबूल करायचे, यजमानाने ‘आमच्याकडचं आवडलेलं दिसत नाही’ म्हणून चेहरा हवालदिल करायचा, आणि अखेर बोटांच्या फटीतून जिलबी पानात उतरली म्हणजे उभयतांनी कृतकृत्य व्हायचे! या साऱ्या व्यवहारात एकही वाक्य खरे नसते. तरीही येथे कोणी कोणास फसविले, असे म्हणण्याची माझी तयारी नाही. फसवणुकीला निदान एक तरी फसणारा लागतो.

आपल्या जुन्या पत्रव्यवहाराची तऱ्हाही हीच. सामाईक भिंतीच्या हद्दीवरून ज्या भाऊबंदावर दिवाणी दावा गुदरलेला असे, त्यालाच घरच्या कार्याचे निमंत्रण धाडताना ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंति विशेष’ हा मायना बिनदिक्कत लिहिला जाई. आणि साहेबाच्या नावाने मनातल्या मनात बोटे मोडणारा कारकून रजेच्या अर्जाखाली स्वतःला त्याचा ‘ताबेदार’ म्हणवून घेई. मायना वाचून कोणी साष्टांग नमस्काराची वाट पाहत बसत नसे. माणसांच्या परस्परांविषयीच्या खऱ्याखुऱ्या भावना रोज सकाळी दारात मांडल्या गेल्या असत्या, तर एका वाड्यात दोन बिऱ्हाडे नांदणे अशक्य झाले असते.

परंतु विनयाचे सोंग सदैव इतके निरुपद्रवी असते असे नव्हे. त्याचा परमोत्कर्ष पाहावयाचा तर १७९२ सालच्या पुण्यात जावे लागेल. उत्तर हिंदुस्थानच्या राजकारणाची सूत्रे हाती असलेले महादजी शिंदे त्या वर्षी दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक या पदाचे फर्मान आणि वस्त्रे घेऊन आले. स्वतःला ते पाटील म्हणवीत. अठरा वर्षांच्या सवाई माधवरावांच्या दरबारात ते सगळ्या मानकऱ्यांच्या खाली जाऊन उभे राहिले. बसण्याची आज्ञा झाली तेव्हा आपली तेवढी योग्यता नाही असे म्हणाले. आणि काखेतले गाठोडे सोडून त्यातला नवा जोडा श्रीमंतांच्या पायांपुढे ठेवीत, हेच आपले आणि आपल्या वडिलांचे काम, असे त्यांनी सांगितल्याचा वृत्तांत इतिहासकार ग्रँट डफ देतो. श्रीमंतांचा जुना जोडा गुंडाळून काखेत घेतल्यावरच ते बसावयास राजी झाले.

हा देखावा थोडा अधिक निरखण्याजोगा आहे. फर्मान देणाऱ्या शहाआलमचे डोळे गुलाम कादराने चार वर्षांपूर्वीच काढले होते, आणि त्याची बादशाही शिंद्यांच्याच फौजेच्या आधाराने उभी होती. ते पद स्वीकारण्यास ज्या सातारकर छत्रपतींची रीतसर परवानगी आणविली गेली, ते स्वतः जवळजवळ नजरकैदेत होते. ज्यांना पद मिळाले ते पेशवे आपले कारभारी नाना फडणीस यांच्या तंत्राने चालत. आणि ज्याच्या पाठीशी कवायती पलटणी होत्या, तो जोडे सांभाळीत उभा! नानांसारखा मुत्सद्दी त्या जोड्यांना भुलला असेल असे कोण मानील? मला तर वाटते, ते गाठोडे सुटताना त्यांची धास्ती दुणावलीच असावी. पंगतीतला यजमान स्वतःला गरीब म्हणवून पाहुण्याला मोठेपणा देतो. पाटीलबोवांनी मात्र स्वतःला सेवक म्हणवून कारभाऱ्यांना बाजूस सारून थेट धन्याच्या मनापर्यंत वाट काढली. एक सोंग देण्यासाठी, दुसरे घेण्यासाठी.

महादजींच्या लीनतेमागे निदान पराक्रम होता. सभेला मुद्दाम उशिरा येऊन शेवटच्या रांगेत बसणारा, चिटणीसाने हात धरून व्यासपीठावर नेल्यावाचून न उठणारा, आणि ‘माझी मुळीच योग्यता नसताना’ या शब्दांनी आरंभ करून दीड तास बोलणारा जो पुढारी आपण गावोगाव पाहतो, त्याच्या काखेत नुसतेच गाठोडे असते.

या साऱ्याचा उबग येऊन काही मंडळी स्पष्टवक्तेपणाचे व्रत घेतात. ‘आपल्याला बुवा गुळमुळीत बोलणं जमत नाही,’ अशी प्रस्तावना करून ती समोरच्याच्या घरातील उणी, मुलीचा रंग, मुलाचे गुण आणि कढीतले मीठ यांचा हिशेब चारचौघांत मांडतात. सर्व सोंगांत मला हेच सर्वांत लबाड वाटते. कारण बाकीची सोंगे निदान सोंगे म्हणून ओळखू येतात, हे मात्र सत्याचीच वस्त्रे अंगावर घालून येते, आणि जखमी झालेल्याने वर त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुक करावे अशी अपेक्षा धरते. वाचकांपैकी कोणास शंका असेल, तर त्यांनी आपल्या परिचयातील अशा एखाद्या सत्यव्रतीला त्याच्या चिरंजीवांच्या गायनाविषयी आपले प्रांजळ मत एकदा ऐकवून पाहावे. येत्या संक्रांतीला त्याच्याकडून तिळगूळ यावयाचा नाही.