बाभळीचा जोड

आजींनी लुगड्यात गुंडाळलेली बंदूक स्वतः उचलून आणली आणि ओसरीतल्या बाजेवर ठेवली. जुन्या बंदुका पारखायला मी मराठवाडाभर हिंडतो, पण वाटूरला पहिल्यांदाच आलो होतो. आधी परवाना पाहिला. आजोबांचा पीकसंरक्षणाचा परवाना रीतसर नातवाच्या नावावर झालेला होता. मग मागचं झाकण उजवीकडे उलटून आत काडतूस नाही ना, ते बघितलं. जुनी बंदूक रिकामीच असेल असं मी कधीही धरून चालत नाही.

"असईच्या लढाईतली हाय, इंग्रजाकडून घेतलेली," आजी म्हणाल्या.

असई आमच्याच जालना जिल्ह्यातलं. लढाई 23 सप्टेंबर 1803 ची, आणि तेव्हाच्या पलटणींच्या बंदुका चकमकीच्या. हिच्या घोड्याच्या पट्टीवर मुकुट, 'टॉवर' ही अक्षरं आणि साल 1861. सांगणं जिवावर आलं, तरी सांगितलं. किंमत करायला बोलावलेल्या माणसानं गोड बोलून भागत नाही.

घडली तेव्हा ही 1853 च्या नमुन्याची एनफिल्ड होती, तोंडाकडून ठासायची. 1857 मध्ये ज्या चरबीच्या काडतुसांवरून शिपाई बिथरले, ती याच नमुन्याची. पुढे 1866 पासून इंग्रजांनी जेकब स्नायडरची युक्ती घेतली. नळीचा मागचा तुकडा कापायचा, तिथे बिजागरीचं झाकण बसवायचं, की जुनीच बंदूक मागून काडतूस घेऊ लागते. म्हणून पट्टीवरचं साल जुनं आणि झाकण नंतरचं. नवखा माणूस याला भेसळ म्हणतो. मी म्हणत नाही. सरकारी कारखान्यात, शिक्क्यानिशी झालेला तो बदल आहे, आणि त्याच्यामुळेच ही स्नायडर झाली.

त्यानंतरच्या हातांनी मात्र नुकसान केलं. साडेछत्तीस इंचांची नळी अठ्ठावीसवर आलेली. आतले तीन आटे घासून साफ, म्हणजे कुणीतरी छर्रे मारायला सोयीची करून घेतलेली. शेतात डुकरं शिरत असतील तर त्या माणसाला दोष कसा देऊ? पण कापलेली नळी वाढत नाही, आणि संग्राहकाच्या लेखी मोठी किंमत इथेच गेली. उरलीसुरली पॉलिश पेपरनं नेली. दिवाळीत घरातल्याच कुणी मायेनं नळी चकचकीत केली होती. दीडशे वर्षांचा काळसर चढ गेला, नळीवरचे शिक्के बोटाला लागेनासे झाले. तिथे अंगठा फिरवताना मला फार वाईट वाटलं.

नातवानं मोबाईलवर परदेशातले भाव दाखवले. "काका, एवढे येतील का?" ते भाव इथे कामाचे नाहीत. शंभर वर्षांवरची वस्तू, देशाबाहेर विकता येत नाही. इथल्या गिऱ्हाइकाला परवाना लागतो, आणि 2019 पासून एका माणसाला दोनच बंदुका, वारशानं आलेली धरून. मी सांगितलेला आकडा ऐकून तो गप्प झाला.

मग म्हणाला, "दस्ता तरी अक्रोडाचा नवा बसवू?"

तोवर मी दस्ता नीट पाहिलाच नव्हता. मानेशी मोडलेला. अक्रोडाच्या लाकडात पाचरीसारखी खाच घेऊन बाभळीचा तुकडा बसवलेला, वरून तांब्याची तार. नख खुपसलं तर सांध्यात जाईना. अशी खाच मी तिफणीच्या दांडीला पाहिली आहे.

"याला हात लावू नका," मी म्हणालो. "नळी तुमच्या हातून गेली. हा जोड तरी राहू द्या."

आजी पुढे सरकल्या. "औतं भरायला सुतार आला व्हता, त्यानंच केलं. सासूबाई सांगायच्या, निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या पेरणीला."

मी वही उघडली आणि लिहिलं: मानेचा जोड बाभळीचा, गावच्या सुताराच्या हातचा, घरच्यांच्या सांगण्यावरून 1949.