सामरवरणीचे पाणी

वापीहून सिल्वासाला निघाले की आधी दादरा लागते, मग पुन्हा गुजरातचा एक तुकडा, आणि त्यानंतर नगर हवेली. या तुकड्यातुकड्यांच्या भूगोलाचे मूळ बरेचसे पेशवाईत आहे. १७७९च्या तहाने पेशव्यांनी येथील गावांचा वसूल पोर्तुगीजांना तोडून दिला व १७८३ मध्ये त्यांनी ताबा घेतला. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके व बाबासाहेब पुरंदरे होते, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांनी सांगितलेले असेलच.

सामरवरणी हे सिल्वासाला अगदी लागून असलेले गाव. वारली, कोकणा, धोडिया यांचा हा मुलूख. पण कारखाने आले आणि शेतांच्या शेजारी सदनिका उभ्या राहिल्या. अशाच एका सदनिकेत आमच्या मावसबहिणीचे बिऱ्हाड आहे. तिचे यजमान रंगद्रव्यांच्या कारखान्यातून रसायनज्ञ म्हणून निवृत्त झाले. गेल्या फाल्गुनात आम्ही बडोद्याहून त्यांच्याकडे आठवडाभर राहिलो. गाडी वडिलांच्या पश्चात आमच्याकडे आलेली, गडद निळ्या रंगाची. त्यांनी ती देवघरातील समईइतकी लख्ख ठेवली होती.

तेथील रखवालदाराने पाहुण्यांची गाडी म्हणून ती रोज सकाळी कूपनलिकेच्या पाण्याने धुतली आणि उन्हातच वाळू दिली. चौथ्या दिवशी बॉनेटवर व छतावर पांढऱ्या कड्यांची नक्षी उमटली. ओल्या फडक्याने ती दिसेनाशी होई, वाळताच पुन्हा प्रकटे. एका दुरुस्तीवाल्याने तर बॉनेट नव्याने रंगविण्याचाच सल्ला दिला. वडिलांच्या हातचा रंग जाणार, या विचाराने घरात दोन वेळचे जेवण कोणालाच गोड लागेना.

ज्या मुलखात वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि दमणगंगेवर मधुबन धरणासारखा जलाशय आहे, तेथे पाण्याने असा दगा द्यावा याचे आम्हांला नवल वाटले. भावोजींना मात्र वाटले नाही. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. ते खडकात मुरले की कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून घेते आणि दुष्फेन होते. आपल्या बायकांच्या भाषेत जड पाणी : साबणाला फेस नाही, डाळ शिजता शिजत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचे काठिण्य ग्राह्य धरले आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००पर्यंत चालवून घेतले आहे. समजा, ते ४०० आहे. मग पंधरा लिटरांच्या बादलीत सहा ग्रॅम चुनखडी झाली! पाणी उडून जाते, चुनखडी गाडीवर राहते. उन्हाने तापलेल्या पत्र्यावर तर थेंब पुसायलाही उसंत मिळत नाही.

"डाग रंगावर आहेत तोवर ते आपले," भावोजी म्हणाले, "रंगात उतरले की गाडी रंगाऱ्याची." हल्लीच्या गाड्यांच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, केसाहूनही पातळ. घासण्याच्या चुरीने किंवा तारेच्या चोथ्याने तो ओरखडला, की डागापेक्षा उपायच जास्त दिसतो.

त्यांनी गाडी सावलीत घेतली व पत्रा हाताला गार लागेपर्यंत कोणाला शिवू दिले नाही. साधे पांढरे व्हिनेगर आणि बॅटरीत घालतात ते ऊर्ध्वपातित पाणी समभाग मिसळले. मऊ फडके त्यात भिजवून डागांवर मिनिटभर पसरले आणि वाळण्याआधीच भरपूर पाण्याने धुऊन टाकले. आम्लाने चुनखडी विरघळते. चहाच्या किटलीतला थर घालवायची युक्ती तीच. व्हिनेगर नसेल तर वाण्याकडचे लिंबूसत्त्व अर्ध्या लिटरात चमचाभर पुरते. (ताजे लिंबू चोळावे की नाही, यावर आमच्या बहिणीने बराच वाद घातला, पण त्याचा रस चिकट राहतो, हे तिला अखेर पटले.) मग गाडीच्या शांपूने धुऊन लगेच कोरडी केली. छतासाठी हे तीनदा करावे लागले.

बॉनेटवरचे सातआठ डाग तरीही राहिले. खडकातली सिलिका पाण्याबरोबर येते आणि ती व्हिनेगरला दाद देत नाही. तेथे क्ले बार नावाची मऊ वडी ओल्या पृष्ठभागावर हलकेच फिरविली. त्याने पाच गेले. उरलेल्या दोनतीन डागांवर नख फिरविले तर खळगा लागे, म्हणजे ते थर कोरून आत गेले होते. त्यांवर बारीक पॉलिश लावले. एक बराच फिका झाला, दुसरा वायपरच्या मुळाशी अजून आहे. भावोजींनी त्याला पुढे हात लावू दिला नाही, कारण प्रत्येक पॉलिशागणिक तो थर थोडा झिजतोच. शेवटी मेणाचा हात दिला, की थेंब पसरून न बसता ओघळून जातात.

बडोद्याला परतल्यावर आम्ही पहाटेच, ऊन चढण्याआधी गाडी धुतो, आणि पावसाळ्यात पहिल्या दोन सरी सोडून गच्चीवरचे पाणी पिंपात धरून शेवटचा हात त्याचाच देतो.