खदानीची वाट

आमच्या एका पुतण्याची छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर दगडाची खदान आहे. काळा पाषाण सुरुंगानें फोडावयाचा, टिपरांत भरून वर क्रशरपर्यंत न्यावयाचा आणि गिट्टी करून विकावयाची, असा हा व्यवसाय. निवृत्तीनंतर तेथील जमाखर्च पाहण्याचें काम आम्हांकडे आलें. वहींत दर उन्हाळ्यास एक खर्च आढळे : वाटेवर मुरूम टाकणें, चर उकरणें, रूळ फिरविणें. आपलीच वाट, आपलेच टिपर. तिचें एवढें कौतुक कशास? एके वर्षीं आम्हीं तो खर्च तांबड्या शाईनें खोडला. काटकसरीचा थोडा अभिमानही वाटला, हें लपवीत नाहीं.

श्रावणांत भरलेला टिपर चढावर मागें घसरला आणि कडेच्या बांधास अडून कलंडला. चालकाचा पाय मोडला. बांध नसता तर टिपर थेट खदानींत गेला असता. तो बांध आदल्या वर्षींच्या खर्चांतला होता.

मग पुतण्यानें आम्हांस ती वाट पायीं दाखविली. "काका, खडकावरची वाट म्हणून ती टिकते असें तुम्हांला वाटलें. पण चाकाखालीं असतो तो मुरूम, आणि त्यांत पाणी मुरलें कीं सगळें संपलें," तो म्हणाला. ज्याच्या नांवाचे रस्ते जगभर झाले त्या मॅकॅडमनें (१७५६–१८३६) हेंच सांगितलें होतें : भार पेलते ती खालची कोरडी जमीन. म्हणून वाट मध्यभागीं किंचित उंच हवी, डोंगराच्या अंगास चर हवा, आणि चढ सोळा फुटांस एक फूट याहून फारसा अधिक नको. कड्याच्या बाजूचा बांध निदान मोठ्या गाडीच्या आंसाइतका उंच असावा, असा अमेरिकेंतील खाणींचा नियम आहे. टिपरांतून गळलेला दगडही लागलीच उचलावा लागतो. तो टायर फाडतो. आम्हीं खोडलेल्या एका ओळींत हें सारें होतें!

वेरूळचें कैलास आम्हीं अनेकदां पाहिलें. वरून खालीं कोरतांना निघालेला तो दगड कोणीं आणि कोणत्या वाटेनें वाहिला असेल, हा प्रश्न मात्र या प्रसंगानंतरच मनांत आला.

आश्विनांत आम्हीं चालकाच्या घरीं गेलों. तो खाटेवरच होता. त्यानें विचारलें, "मुरूम पडला का, साहेब?"

आम्ही 'होय' म्हणालों. मुरूम पडला तो त्यानंतर चार दिवसांनीं.